पंचवीसशेचे दोन सेल

काकांच्या घरी मी भाड्याने राहायला गेलो, त्या संध्याकाळी त्यांनी फ्रिजच्या दारावर एक पांढरी चिकटपट्टी लावली. तिच्यावर काळ्या मार्करने लिहिलं होतं, "भाडेकरू क्र. ४", आणि खाली त्या दिवसाची तारीख. मला वाटलं, फ्रिजमधला एखादा कप्पा मला दिलाय. उघडून बघितलं तर आत काकूंच्या डब्यांशिवाय काही नाही. मग कळलं की ती पट्टी माझीच होती. माझ्या अंगावर लावणं बरं दिसलं नसतं म्हणून फ्रिजवर लावली होती, एवढंच.

त्या घरात प्रत्येक वस्तूवर ती कामाला लागली ती तारीख असायची. बल्बच्या बुडाशी, झाडूच्या दांड्यावर, टोस्टरच्या खाली, काकूंच्या कुकरच्या रबरी रिंगवर. "माझ्यावर तेवढी राहिलीय," काकू म्हणायच्या. "लग्नात मार्कर नव्हता ना यांच्याकडे."

काका मूळचे सांगलीचे. इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायजवळ, गाड्यांची टेस्टिंग करणाऱ्या एका लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. काम काय, तर यंत्राने गाडीचं दार उघडायचं आणि मिटायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा मिटायचं, आणि कुठला बिजागर कितव्या वेळेला कुरकुरला ते वहीत लिहायचं. "आयुष्यभर दारं आपटली आणि त्याचा पगार घेतला," असं ते स्वतःच सांगत. रिटायर झाल्यावर लॅब सुटली, वही काही सुटली नाही. आता वहीत चार्जेबल सेल आले.

सेल म्हणजे आपले साधे पेन्सिल सेल. घड्याळात, रिमोटमध्ये, टॉर्चमध्ये घालतो ते. काकांकडे त्यांचं सगळं खानदान होतं. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाची वहीत एक ओळ. दोन-दोनच्या जोड्या ठरलेल्या, आणि सात नंबरचा सेल आठ नंबरला सोडून दुसऱ्या कुणाबरोबर बसवलेला त्यांना चालायचा नाही. एखाद्या जोडीतला एक सेल मेला, तर उरलेल्याला ते बाथरूममधल्या घड्याळात टाकत. "एकट्या जिवाला हलकं काम द्यावं," म्हणायचे.

हे सगळे सेल अठराशेचे होते. सेलवर एक आकडा छापलेला असतो, त्याच्यात किती वीज मावते तो. त्या वर्षी, म्हणजे २००५ साली, दुकानात पंचवीसशेचे सेल ठेवायला लागले होते. मी माझ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी एक पाकीट घेऊन आलो आणि मूर्खासारखं ते किचन टेबलवर ठेवलं.

काकांनी चष्मा पुसून पाकीट पाहिलं. मग ड्रॉवरमधून अठराशेचा एक सेल काढून शेजारी उभा केला.

"उंची?" त्यांनी विचारलं.

"सारखी," मी म्हणालो.

"जाडी?"

"सारखीच."

"मग जास्तीचा माल कुठे भरला? भिंती पातळ केल्या असणार. जागा आणणार कुठून दुसरी? एवढ्याशा अंगात एवढं कोंबलेलं, दोनशे वेळा भरलं की बसेल खाली. माझे अठराशेवाले बघ, चौथं वर्ष चालू आहे."

"पण काका, एकदा भरला की जास्त वेळ चालतो ना."

"आकडा पाकिटावर छापतात. वागणूक घरात आणल्यावर कळते." हे त्यांचं लाडकं वाक्य. टूथपेस्टपासून सिनेटरपर्यंत कुठेही लावायचे. मला तर इतकं पाठ झालं होतं की ते "आकडा" म्हणाले की मी मनात पुढचं म्हणून टाकायचो.

अहो, मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगवाला, दिवसभर लोकांच्या चुका काढणारा. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा त्याच जातीचा माणूस भेटणं म्हणजे शिक्षाच. पण त्या घरी गरम पोळी मिळायची, आणि गरम पोळीसाठी माणूस बरंच ऐकून घेतो.

आता फोनबद्दल सांगायला हवं. घरात एकच फोन होता, कॉर्डलेस. त्यात दोन पेन्सिल सेलच बसायचे. ज्या स्टँडवर फोन ठेवल्यावर ते चार्ज व्हायला हवेत, त्याचं चार्जिंग कधीच मेलं होतं. त्यामुळे काका सेल बाहेर काढून आपल्या चार्जरमध्ये भरायचे, तेही आधी पूर्ण रिकामे करून. रिकामे करायचे म्हणजे टॉर्चमध्ये घालून टॉर्च बेसमेंटमध्ये पेटवून ठेवायचा. त्यांची मुलगी ग्रँड रॅपिड्सला शाळेत शिकवायची. ती आली की म्हणायची, "डॅड, जस्ट गेट अ न्यू फोन." काका म्हणायचे, "फोन उत्तम आहे, स्टँड नापास आहे." माझ्याकडे मोबाइल होता, पण त्याला घरात रेंज नव्हती. ड्राइव्हवेच्या टोकाला, पत्रपेटीला हात लावून उभं राहिलं तर दोन कांड्या यायच्या.

तर अशा घरात असताना मला एक स्थळ आलं.

मुलगी अकोल्याची, तिथल्या एका ब्लड बँकेत टेक्निशियन. फोटो आला, पत्रिका जुळली, दोन्हीकडच्या वडिलांचं फोनवर बोलणं झालं. मला काही लगेच रजा मिळण्यासारखी नव्हती, म्हणून ठरलं की मुला-मुलीने आधी फोनवर बोलून घ्यावं. आमचं बघणं फोनवर, पोह्यांशिवाय. फोटोतली मुलगी मला आवडली होती. खरं सांगायचं तर फार आवडली होती. मी तो फोटो ऑफिसच्या बॅगेत घालून हिंडत होतो आणि मीटिंगमध्ये मध्येच चेन उघडून बघत होतो.

बातमी ऐकून काकूंनी शिरा केला. काका उठले, गाडी काढली आणि अर्ध्या तासाने परत आले ते पंचवीसशेच्या सेलचं पाकीट घेऊन.

मी बघतच राहिलो. "काका, तुम्ही? पंचवीसशे?"

"रोजच्या कामाला अठराशे बरोबर आहेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण हा तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. बोलणं तीन तासही चालेल. मध्ये कमी पडायला नको."

त्यांनी ते दोन सेल रात्रभर चार्ज केले, नंबर घातले, एकवीस आणि बावीस, आणि देवघरात गणपतीपुढे नेऊन ठेवले. माझ्यासाठी त्या माणसाने आपलं तत्त्व मोडलं होतं. मला भरून आलं, पण आम्हां दोघांनाही असल्या वेळी काय बोलायचं ते येत नाही, म्हणून मी कचरा बाहेर ठेवायला गेलो.

फोन त्या शनिवारी व्हायचा होता. शुक्रवारी अकोल्याहून निरोप आला, मुलीच्या आत्याच्या लक्षात आलं की पितृपक्ष लागतोय. असल्या दिवसांत बघणं नको, घट बसल्यावर बघू. घट बसल्यावरच्या शनिवारी मुलीची ड्यूटी लागली. मग दसऱ्यानंतरचा शनिवार पक्का झाला. म्हणजे जवळजवळ महिना गेला. मुलीच्या वडिलांनी हेही कळवलं की रविवारी बडोद्याचं एक स्थळ तिला बघायला येणार आहे, तेव्हा शनिवारी काय ते होऊन जाऊ दे.

त्या महिन्यात मी काय केलं? भाषण लिहिलं. मला मुलींशी बोलायची सवय नाही, ऐन वेळी ततपप होईल म्हणून मुद्दे काढले. मुद्द्यांचे परिच्छेद झाले. दर पुढे ढकललेल्या शनिवारी मी ते आणखी घासूनपुसून चकचकीत केलं. सेल देवापुढे, भाषण उशीखाली. काकूंनी एकदा विचारलं की हे सेल फोनमध्ये घालून बघायचे का. काका म्हणाले, "आत्तापासून कशाला वापरायचे? खास दिवसासाठी आहेत." आणि काकूही म्हणाल्या, "खरंच, देवापुढे ठेवलेलं उगाच हलवू नये." काकूंच्या कपाटात पंचवीस वर्षांपूर्वीचा काचेचा डिनरसेट होता, तो मोठे पाहुणे येतील तेव्हासाठी. तेवढे मोठे पाहुणे अजून आले नव्हते.

शनिवार उजाडला. आमचे सकाळचे नऊ, अकोल्याचे संध्याकाळचे साडेसहा. काकांनी आंघोळ करून, नमस्कार करून सेल उचलले. फोनमधले रोजचे अठराशेवाले काढून बेसमेंटमध्ये टॉर्चमध्ये रिकामे व्हायला ठेवले आणि एकवीस-बावीस फोनमध्ये बसवले. मी वरच्या खोलीत गेलो, दार लावलं, कॉलिंग कार्डाचा लांबलचक नंबर दाबला.

तिने "हॅलो" म्हटलं आणि मी सुरू झालो. "सहजीवन म्हणजे माझ्या मते परस्परसामंजस्य," असं काहीतरी. आता आठवलं तरी कान गरम होतात. ती "हं" म्हणत होती. मी दोन संस्कृतींच्या समन्वयावर आलो. ती "हं" म्हणाली. मी उतारवयातल्या आईवडिलांच्या जबाबदारीवर आलो. घड्याळात बघितलं, नऊ मिनिटं झाली होती, सगळं पाठ केल्याप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "मला एक..."

आणि फोन मेला.

मी हलवला, आपटला, फुंकर मारली. छोट्या काचेवरचे आकडेसुद्धा गेले होते. मी धाडधाड जिना उतरलो. तिला वाटणार, मी फोन आपटला. तिचं वाक्य ऐकायच्या आत आपटला. आणि उद्या बडोदा.

"काका, सेल गेले."

"शक्यच नाही," काका म्हणाले. त्यांनी सेल काढून मीटर लावला आणि मीटरकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका पडला की मला माझं दुःख बाजूला ठेवावंसं वाटलं. तीस वर्षं त्या माणसाने वापरून वापरून काय झिजतं तेवढंच बघितलं होतं. एखादी वस्तू नुसती ठेवून दिली तर तिचं काय होतं, हे त्यांच्या लॅबने कधी तपासलंच नव्हतं. "भरलेले होते रे," ते हळूच म्हणाले. "मी स्वतः भरले होते."

टॉर्चमधले रोजचे सेल रिकामे होत आले होते आणि ड्रॉवरमधले भरत बसायला वेळ नव्हता. मी मोबाइल घेऊन पत्रपेटीकडे निघालो. बाहेर ऑक्टोबरचा गार पाऊस, मी बिनचपलेचा.

"थांब," काकू म्हणाल्या.

देवघरात काकूंचा मंत्राचा डबा असायचा. वीतभर प्लॅस्टिकचा, अठराशेच्या दोन सेलांवर चालणारा, दिवसरात्र बारीक आवाजात मंत्र म्हणत राहणारा. काकूंची भक्ती अशी की काका सेल बदलायचे तेव्हा त्या बाजूला उभं राहून तेवढा वेळ स्वतः मंत्र म्हणायच्या. चार वर्षांत तो डबा कधी गप्प झाला नव्हता. काकूंनी तो उलटा केला, झाकण सरकवलं आणि दोन्ही सेल काढून माझ्या हातावर ठेवले. घर एकदम शांत झालं.

"देव थांबेल," काकू म्हणाल्या. "अकोला थांबणार नाही."

मी पुन्हा नंबर दाबला. घाईत दोनदा चुकला. तिने उचलला आणि मी काही म्हणायच्या आत काकांनी फोन माझ्या हातातून घेतला. काकूंनी शांतपणे स्पीकरचं बटण दाबलं.

"मुली, मी याचा घरमालक बोलतोय," काका म्हणाले. "फोन याने ठेवला नाही. चूक माझी आहे. मी याला ऐन वेळी नापास सेल दिले." आणि त्यांनी तिला सगळं सांगायला घेतलं. अठराशे म्हणजे काय, पंचवीसशे म्हणजे काय, जोड्या कशा लावतात, रिकामे कसे करतात. मी खुणा केल्या, कोपर मारलं. कॉलिंग कार्डाची मिनिटं संपत होती, माझं लग्न मोडत होतं आणि हा गृहस्थ एका अनोळखी मुलीला बिजागरांबद्दल सांगत होता. ते इतकं हाताबाहेर गेलं की मला हसू फुटलं. पहिल्यांदा तोंड दाबून हसलो, मग काही दाबता येईना. काकूही पदर तोंडाला लावून खुर्चीत बसल्या.

पलीकडून तिने विचारलं, "काका, ते सेल भरले कधी होते?"

"पितृपक्षाच्या आधी."

"मग मध्ये वापरले नाहीत?"

"छे. तुमच्यासाठीच ठेवले होते."

"आमच्याकडे रक्ताच्या पिशवीवर भरल्याची तारीख असते," ती म्हणाली. "फ्रिजमध्ये नीट ठेवली तरी ती दिवसागणिक उतरतच असते. नुसतं ठेवलं म्हणजे टिकलं असं नसतं. तुमच्या सेलवर भरल्याची तारीख आहे का?"

काकांनी मेलेला सेल उलटासुलटा करून बघितला. विकत घेतल्याची तारीख होती. नंबर होता. भरल्याची तारीख नव्हती. ज्या घरात झाडूवर तारीख, भाडेकरूवर तारीख, त्या घरातली ही चूक तिने अकोल्यातून काढली होती. काकांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला मी लॅबमध्ये घेतली असती. सोडू नकोस." मग फोन माझ्या हातात दिला आणि काकूंना हाताला धरून बाहेर घेऊन गेले.

माझं भाषण वर उशीखाली राहिलं होतं. एक वाक्य आठवेना. मी विचारलं, "ड्यूटीवरून घरी गेल्यावर तुम्ही जेवता काय?" ती म्हणाली, "बहुतेक वेळा गार पिठलं." तिथून जे सुरू झालं ते कार्ड संपेपर्यंत चाललं. डब्यातल्या सेलांनी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी बडोद्याच्या लोकांना नका येऊ म्हणून कळवलं गेलं.

आमचं लग्न झालं, काका-काकू अकोल्याला येऊन गेले, आहेर म्हणून अठराशेच्या सेलांच्या दोन जोड्या दिल्या, भरल्याच्या तारखेसकट. वहीत त्यांनी तो नवा रकाना आखलाच होता. काकूंनी घरी परतल्यावर काचेचा डिनरसेट कपाटातून काढून रोजच्या वापरात घेतला. वर्षभरात त्यातल्या तीन बशा फुटल्या आणि काकू प्रत्येक वेळी खुशीत फोन करून कळवायच्या.

पण काकांच्या मनातून ते सेल गेले नाहीत. आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला बिऱ्हाड केल्यावरही त्यांचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "त्या दिवशीचं मनावर घेऊ नका हं." दार मोडलं तर मोडलं, हे समजणारा माणूस. पण आपण कुणाला तरी जपून काही द्यावं आणि तेच नेमकं दगा देतं, हे त्यांना सहन होत नव्हतं. मला याचं फार वाईट वाटायचं आणि मी दर वेळी विषय बदलायचो.

२००८च्या थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघं ड्राइव्ह करून त्यांच्याकडे गेलो. जेवताना काकांनी पुन्हा तेच काढलं. माझ्या बायकोने पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

"काका, आज सांगूनच टाकते. त्या दिवशी ते सेल चालले असते ना, तर मी नाही म्हणणार होते."

मी घास हातात धरून तसाच बसलो. तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"हा नऊ मिनिटं भाषण करत होता," ती म्हणाली. "मला वाटलं, बाप रे, हे रोज ऐकायचं? मी म्हणत होते, मला एक सांगायचंय, आपलं काही जमेल असं वाटत नाही. 'मला एक' म्हटलं आणि लाइन गेली. मी वडिलांना सांगायलाच निघाले होते, तेवढ्यात परत रिंग वाजली."

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग तुमच्या त्या बिजागरांच्या मागे कुणीतरी हसत होतं. लोटपोट. मी म्हटलं, हा तोच आहे का? हा असा असेल तर बोलून बघू."

काका मग ताटावरून उठले, हात धुतला आणि बेसमेंटमध्ये गेले. परत आले ते वही घेऊन. एकवीस आणि बावीस नंबरच्या सेलांपुढे त्यांनी तेव्हा लाल शाईने लिहिलं होतं, "नापास. प्रसंगी दगा दिला." त्यांनी ते पट्टी लावून नीट खोडलं आणि खाली लिहिलं, "पास. प्रसंग ओळखून थांबले."

ते पेनाला टोपण लावायला लागले तेव्हा बायको वहीत वाकून बघत म्हणाली, "काका, तारीख."

त्यांनी टोपण काढलं आणि तारीख घातली.